वरपक्षाचा डोळा

“मॅडम, ह्यातला आमचा फोटो कुठला?” मुलाच्या मामांनी विचारलं, तेव्हा मुहूर्ताला एक तास बारा मिनिटं उरली होती.

कऱ्हाडच्या त्या मंगल कार्यालयात बोहल्यासमोर दहा फुटांवर मी टेबल मांडून बसले होते. टेबलावर लॅपटॉप, पुढे तिकाटण्यावर कॅमेरा. कॅमेऱ्याला दोन भिंगं होती, माणसाच्या डोळ्यांइतक्याच अंतरावर, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. लॅपटॉपवर दोन चौकटी दिसत होत्या, एक डाव्या भिंगाची, एक उजव्या. डावीकडचं चित्र स्वच्छ होतं. उजवीकडचं धुरकट, आणि माणसांच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन.

“दोन्ही सगळ्यांचेच आहेत, मामा,” मी म्हटलं.

“तसं नसतंय. डाव्या अंगाला मुलगी उभी राहणार, उजव्या अंगाला आमचा मुलगा. म्हणजे हा धुरकट आमचा.”

मुलाचे मामा हणमंतराव दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. टेलिफोनच्या तारांत तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना थोडंफार कळत होतं, हीच अडचण होती. काहीच न कळणाऱ्याला गप्प बसवता येतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत होते. सात माणसं आणि एक वॉटर कूलर. आमचं काम एकच होतं. दोन डोळ्यांनी बघायचा, खोली असलेला व्हिडिओ दाबून इतका लहान करायचा की तो कुठल्याही यंत्रावर आणि कसल्याही नेटवर पोचला पाहिजे. मोठ्या टीव्हीला दोन्ही डोळे पुरे मिळावेत, साध्या मोबाइलला एकच डोळा मिळावा, आणि नेट अशक्त असेल तिथे जेवढं झेपेल तेवढं जावं. ज्याची त्याची ताट-वाटी बघून वाढायचं, असं आमचे साहेब म्हणायचे.

रेवती इंगवले माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. लग्न तिचं होतं. लग्नाच्या नऊ दिवस आधी तिचे वडील दिनकरराव घराच्या पायरीवरून पडले, पायरी ओली होती म्हणे, आणि खुबा मोडला. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे हलायचं नाही. नवरा मुलगा विक्रांत मस्कतला नोकरीला, त्याची रजा संपत आलेली. लग्न पुढे ढकलायचं तर वर्ष गेलं असतं. दिनकररावांनीच पलंगावरून निकाल दिला की लग्न ठरल्या दिवशीच होईल.

त्या दिवशी रेवती ऑफिसात येऊन बसली आणि रडली नाही, हे मला जास्त वाईट वाटलं.

“बाबांना दिसलं पाहिजे,” ती म्हणाली. “नुसता मोबाइलवरचा व्हिडिओ नको. ते सर्वेक्षक होते. विमानातून काढलेले दोन-दोन फोटो दुहेरी भिंगाखाली ठेवून डोंगर बघायचे. सपाट चित्राला ते चित्र म्हणत नाहीत.”

“दाखवू की.”

“आणि अजून एक आहे.” मग तिनं हाताचं सांगितलं. ती लहान असताना सुट्टीच्या दिवशी दिनकरराव तिला कालव्याच्या कामावर न्यायचे. आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून ती लांब उभी राहायची. ते दुर्बिणीतून आकडा वाचायचे, वहीत लिहायचे आणि मग हात वर करायचे. हात वर झाल्याशिवाय पट्टी हलवायची नाही, हा नियम. ऊन असो, मुंगळा पायावर चढो. “अंतरपाट सरला की मी हार घालायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघणार. बाबांनी हात वर केला की मग हार. आमचं ठरलंय.”

“आणि नाही केला तर?”

“करतील ना. तू आहेस की.”

ही जबाबदारी मी हसत घेतली, कारण मला आमच्या युक्तीचा भारी अभिमान होता. युक्ती साधी आहे. दोन डोळ्यांना जवळजवळ एकच दिसतं. मग दोन अख्खी चित्रं कशाला पाठवायची? डावं पूर्ण पाठवायचं, आणि उजव्याचं फक्त डाव्यापेक्षा जेवढं वेगळं तेवढंच. नेट बारीक असेल तर तेही हात आखडून. एका डोळ्याला स्वच्छ आणि दुसऱ्याला धुरकट दिसलं तर मेंदू स्वच्छ तेवढं उचलतो आणि तक्रार करत नाही. मेंदू फार सोशिक असतो. हे आम्ही चोवीस जणांवर तपासलं होतं. चोवीसही जण ओळखीतले, तिशीच्या आतले आणि ठणठणीत.

मिरजेच्या वॉर्डातलं नेट अगदीच किडमिडं निघालं. एक डोळा धड जाईल, दुसऱ्याला उरलंसुरलं, एवढंच. आमचा फैयाज आदल्या दिवशीच तिथे जाऊन बसला होता. दिनकररावांच्या डोळ्यांवर बांधायचं यंत्र, म्हणजे दोन भिंगांचा तो ठोकळा, त्याच्याकडे होता. तो फोनवरून माझ्या कानात.

अकरा वाजता आम्ही सगळं लावून बघितलं. रेवती पिवळी साडी नेसून कॅमेऱ्यासमोर आली, फोन हातात घेऊन स्पीकर लावला. “बाबा, दिसतंय का?”

“दिसतंय की.”

“साडीचा काठ कुठल्या रंगाचा आहे सांगा.”

“तुझ्या आईनं निवडलाय, म्हणजे चांगलाच असणार.”

सगळे हसले. मीही हसले, आणि वहीत लिहिलं, चाचणी यशस्वी.

आणि पंचवीस मिनिटांनी मामा आले.

“आता मला सांगा,” मामा खुर्ची ओढून बसले. “मुख्य चित्र कुठलं?”

“डावं. पण मामा, ते नुसतं—”

“आणि उजवं?”

इथे मी चूक केली. मी खरं सांगितलं. “उजव्याचं डाव्यापेक्षा जेवढं वेगळं असेल तेवढंच पाठवतो.”

मामांनी बोहल्याकडे बघितलं. “म्हणजे आमचं स्वतःचं असं काही न्हाई. मुलीकडच्यांचं वाढून झाल्यावर जे उरलं ते आमचं.”

“मामा, दोन्ही भिंगांत नवरा-नवरी दोघंही दिसतात. भिंगांत अंतर साडेसहा सेंटिमीटर आहे.”

“अंतर किती ह्याला महत्त्व न्हाई. जेवणाच्या पंगतीत पाट एक बोट पुढंमागं झाला तरी कळतंय माणसाला.”

त्यांच्या मागे एव्हाना वरपक्षाची चार-पाच माणसं जमली होती. मागच्यानं पुढच्याला विचारलं काय झालं. पुढच्यानं सांगितलं, आपला फोटो मुद्दाम खराब पाठवतायत. हे कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत, मुलाचा फोटोच पाठवत नाहीत, असं झालं होतं.

“दोन्ही सारखे करा,” मामा म्हणाले. “आमचं जास्त मागणं न्हाई.”

मी दोन्ही सारखे करून दाखवले. फैयाज म्हणाला, “अडकलं.” मग सुरू झालं, मग पुन्हा अडकलं. मामांनी मनगटावरच्या घड्याळात मोजलं. पंधरा सेकंद चाललं की दहा सेकंद बंद. अंतरपाट सरताना नेमकं बंद पडलं तर काय, हे मी त्यांना विचारलं. ते त्यांना पटलं. तार-टेलिफोनचा माणूस, तुटलेली लाइन त्यांना खपत नव्हती.

“मग उलटं करा. उजवं मुख्य, डावं उरलेलं. एवढं करा, न्हाईतर मुलगा बोहल्यावर चढणार न्हाई. मी शब्द देऊन बसलोय.”

मुलगा त्या वेळी खोलीत मुंडावळ्या बांधून घेत होता आणि त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं.

उलटं करणं मला कठीण नव्हतं, पण त्याला सगळं बंद करावं लागणार होतं. इथलं बंद, मिरजेचं बंद, दोन्ही यंत्रांना नव्यानं जोडायचं. आमच्या ऑफिसात याला दहा मिनिटं लागतात. त्या वॉर्डाच्या नेटवर किती लागतील, आणि पुन्हा जोडलं जाईल की नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नव्हते. बारा वाजून गेले होते. एका माणसाच्या हट्टापायी दिनकररावांचं असलेलं चित्रही जाण्याची वेळ आली होती. मी रेवतीच्या आईकडे गेले, म्हटलं, काकू, तुम्ही तरी त्यांना सांगा.

काकूंनी पदर खोचला. “करून टाक बाई उलटं.”

“पण काकू, कारण तरी काही आहे का?”

“कारण कशाला पाहिजे? आपण मुलीकडचे. धुरकट आपल्याला राहू दे.”

मला राग आला. मामांचा आला, त्याहून जास्त काकूंचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण मी टेबलापाशी जाऊन मुकाट्यानं सगळं बंद केलं. दोन वर्षं खपून केलेलं काम, आणि त्यात कुणाचा डोळा थोरला हे एका मामानं ठरवायचं.

“फैयाज, यंत्र बंद कर. परत चालू कर. उजवा मुख्य घे.”

“आता? का?”

“मानपान.”

फैयाज मिरजेचाच. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

बारा वीस झाले तरी जोडलं जाईना. बारा चोवीसला जोडलं आणि तुटलं. मामा माझ्या खांद्यामागे उभे होते. आता तेही घामाघूम झाले होते. “वायर दाबून बघा,” ते म्हणाले. वायर नव्हती. तरी मी टेबलाखाली एकदा बघितलं. बारा सव्वीसला चित्र मिरजेला पोचलं. आता उजवी चौकट लख्ख आणि डावीत चौकोन.

“फैयाज, काकांना विचार, दिसतंय का.”

मग फैयाज म्हणाला, “काका म्हणतायत, बोहल्यावरच्या समईची एक वात विझलीय, कुणाचं लक्ष नाही का तिकडं?”

मी मान वर करून बघितलं. मागच्या बाजूची वात खरंच विझली होती. काकूंना सांगितलं, त्यांनी ती लावली. मला एवढंच वाटलं की चला, जोडलं गेलं.

मामांनी उजवी चौकट जवळून बघितली, नातेवाइकांना बोलावून दाखवली, आणि मुलाला आणायला गेले.

मंगलाष्टकं सुरू झाली. पाच झाली, सहा झाली. गुरुजींचा आवाज चांगला होता आणि हे त्यांनाही माहीत होतं. अंतरपाटाच्या डाव्या बाजूला रेवती, उजव्या बाजूला विक्रांत, त्याच्यामागे मामा छाती काढून, कॅमेऱ्याकडे तोंड करून. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट सरला.

विक्रांतनं हार उचलला. रेवतीनंही उचलला, आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलं. तशीच उभी राहिली.

चित्र मिरजेला पोचायला चार सेकंद लागत होते, हे मला माहीत होतं. मी मनात चार मोजले. “फैयाज?”

“बघतायत.”

विक्रांत हार हातात धरून थांबला होता. त्याच्या तोंडावर, आपलं काही चुकलं का, असा भाव होता. मंडळी अक्षता टाकून मोकळी झाली होती. कुणीतरी म्हणालं, पोरीला काही सुचेना. काकू पुढे आल्या, “अगं, घाल की,” म्हणाल्या. रेवती हलली नाही. हार धरलेले तिचे हात अगदी सरळ होते. मुंगळा चढला असता तरी ती हलली नसती.

“फैयाज, काय झालं?”

“काही नाही. नुसते बघतायत.”

“सांग त्यांना हात वर करायला.”

“मी नाही सांगणार,” फैयाज म्हणाला, आणि लगेच, “केला. हात वर केला.”

मी माझा हात वर केला. रेवतीनं हार घातला.

संध्याकाळी सहा वाजता मी यंत्र परत घ्यायला मिरजेला गेले. फैयाज घरी जेवायला गेला होता. दिनकरराव उशाला टेकून पडले होते, पाय उशीवर ठेवलेला. डोळ्यांचा ठोकळा त्यांनी पंच्यात नीट गुंडाळून ठेवला होता.

“तुमच्या कामाला तोड नाही,” ते म्हणाले. “मुंडावळीचे मणी मोजता आले मला.”

माझ्याकडे छापील कागद होता. ज्यानं बघितलं त्याच्याकडून गुण घ्यायचे, हा आमचा नियम. मी पेन काढलं. “काका, डाव्या डोळ्याच्या चित्राला पाचपैकी किती?”

“उजव्याला पाच.”

“आणि डाव्याला?”

“डाव्याचं सोड.”

“कागदावर लिहावं लागतं, काका.”

त्यांनी दाराकडे बघितलं. सिस्टर पलीकडच्या पलंगापाशी होती. “डाव्यात मोतीबिंदू आहे,” ते म्हणाले. “वर्ष झालं. सहा महिने तर नुसता उजेड कळतो. घरी ते दोन फोटो लावून बसतो मी अजून, पण डोंगर उठत नाही. एका डोळ्यानं डोंगर उठत नसतो.”

माझं पेन थांबलं. “घरी माहीत आहे?”

“पहिल्याच बैठकीत मुलाच्या मामांनी विचारलं, घराण्यात काही आजार? मी नाही म्हणालो. मोतीबिंदू घराण्याचा नसतो, वयाचा असतो. पण ते समजावत कोण बसणार? आणि रेवतीला कळलं असतं तर आधी डोळा, मग लग्न, असं घेऊन बसली असती. म्हटलं, पोरगी एकदा जाऊ दे घरी, मग बघू.”

“आणि पायरी ओली होती, म्हणालात ते?”

“ओली नव्हती,” ते म्हणाले. “पायरी दिसत होती. कुठं आहे ते दिसत नव्हतं.”

“काका, बारा वाजेपर्यंत आम्ही चांगलं चित्र डाव्याला देत होतो.”

“ठाऊक आहे. अकराला मला चिखल दिसत होता. पिवळं काहीतरी आलं, त्यातून रेवतीचा आवाज आला.”

“मग फैयाजला सांगायचं ना.”

“फोन मांडवात लागलेला, सगळे ऐकत होते. डोळ्याचं तिथं निघालं असतं तर?”

“आणि हात? चित्र तसंच राहिलं असतं तर हात वर केला असता?”

“तोंडानं मी खोटं बोललोय,” ते म्हणाले. “वर्षभर बोलतोय. पण न वाचलेल्या आकड्याला हात कधी वर केला नाही. ते आज करता आलं असतं का, मला सांगता येत नाही. आणि ती तर उभीच राहिली असती. मीच शिकवलंय तिला तसं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळ्यांतून.

“पण उलटं केलं कुणी? तुला कसं सुचलं?”

मला सुचलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, पाटाचं, उरल्यासुरल्याचं, शब्द देऊन बसल्याचं. दिनकरराव हसायला लागले. खुब्यात कळ आली तरी थांबेनात, शेवटी सिस्टर येऊन रागावली.

“त्यांना माझा नमस्कार सांग,” दम घेऊन ते म्हणाले. “दोन्ही हात जोडून सांगितलाय म्हणून सांग. कारण तेवढं सांगू नकोस.”

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता बारा वर्षांनंतर त्या कंपनीचं नाव बदललंय, साहेब बदललेत, पण आमचं यंत्र डोळ्यांवर चढवलं की सगळ्यात आधी एक प्रश्न येतो, तुम्हाला कुठल्या डोळ्यानं चांगलं दिसतं? लोक विचारतात, हे तुम्हाला कसं सुचलं. मी म्हणते, आम्ही साठीच्या पुढच्या माणसांवर तपासून बघितलं. तेही खरं आहे. ते आम्ही नंतर केलं.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी हणमंतरावांना फोन लावला. मागे वऱ्हाड परत निघाल्याचा गोंधळ ऐकू येत होता.

“मामा, दिनकरकाकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. दोन्ही हात जोडून.”

“सांगणारच,” मामा म्हणाले. “वरपक्ष आहे आमचा.”

मी हो म्हटलं.